ओळंब्यातली रेघ

"हाड सोडा, काका," सुप्रिया म्हणाली. "किती वेळा सांगू? आधी हवा शोधा. हाड नंतर."

मी शोधत होतो. पडद्यावर दोन फोटो एकावर एक पडले होते. एक महिन्यापूर्वी काढलेला, ज्यावरून सगळा आराखडा ठरला तो. दुसरा आत्ताचा, जाड भिंतीपलीकडे टेबलावर निजलेल्या बाईचा. आत्ताचा फोटो सरकवून जुन्यावर तंतोतंत बसवायचा, फोटो जितका सरकला तितकं टेबल सरकवायचं आणि मगच मशीन सुरू करायचं. कॅन्सरवरचा किरणांचा शेक गाठीवर पडला पाहिजे, गाठीच्या शेजारी नाही. काम म्हणाल तर एवढंच. पण मला त्या करड्या धुरात मणक्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

"हे काळं बघा," तिनं पेनाच्या टोकानं दाखवलं. "ही श्वासनळी. ही खाली येते आणि इथं तिला दोन फाटे फुटतात. हा फाटा सापडला की तिथून मणके मोजत खाली यायचं. नाहीतर सगळे मणके सारखेच दिसतात. एक घर चुकलं तरी फोटो छान बसतो, कळतसुद्धा नाही."

"अगं, बावीस वर्षं हाडंच बघतोय मी."

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणाली.

ती सत्तावीस वर्षांची, मी अठ्ठेचाळीसचा. राग यायला हरकत नव्हती, पण ती पोरगी शिकवायची फार मनापासून. पुण्याहून डिप्लोमा करून आली होती. आमच्या बारामतीच्या रुग्णालयात शेकाचं मशीन आलं तेव्हा ते चालवायला माणसं मिळेनात. मिळत ती चार महिन्यांत पुण्याला पळत. शेवटी साहेबांनी विचार केला असणार की हा रवींद्र इथल्याच कळस गावचा, कुठं पळतोय. म्हणून एक्स-रे खोलीतून उचलून मला सुप्रियाच्या हाताखाली दिलं.

एक्स-रे खोलीत मी राजा होतो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मोटरसायकलवरून पडलेल्या निम्म्या लोकांची हाडं माझ्या हाताखालून गेली आहेत. माणसाचा चेहरा मी विसरतो, मोडलेलं मनगट विसरत नाही. आमच्या घराण्यात महिन्याचा पगार घेणारा मी पहिला, आणि वडील कळसच्या पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचा रवी माणसाच्या आतलं बगतो." ते ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

टेबलावर होत्या त्या द्वारकाबाई. निमगाव केतकीच्या. वय साठीच्या आसपास. अन्ननळीत गाठ होती. भाकरी उतरेना, मग भात उतरेना, आता पेज आणि दूध यावर आल्या होत्या. अठ्ठावीस दिवस शेक घ्यायचा होता, रविवार सोडला आणि शनिवार सोडला तर रोज. त्यांचे यजमान सावळाराम गवंडी त्यांना एसटीनं घेऊन यायचे आणि बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे.

बाईमाणसाला टेबलावर घेणं, अंगावरच्या रेषा जुळवणं हे सुप्रियाचं काम. मी बाहेर पडद्यापाशी. त्यामुळं द्वारकाबाईंचे मणके मला पाठ होते, अंगावरच्या रेषा मी कधी पाहिल्या नाहीत. रेषा म्हणजे शाईनं काढलेल्या तीन फुल्या. एक छातीवर मधोमध, एकेक दोन्ही कुशींवर. खोलीच्या भिंतींतून लाल किरणांच्या बारीक रेषा येतात, त्या या फुल्यांवर पडल्या की माणूस जागेवर आला असं धरायचं.

पहिल्या दिवशी सावळारामांना समजावून सांगितलं ते मी. ते काम मला आवडायचं, त्यात शिकाऊपण दिसत नाही. "तात्या, या रेषा पुसायच्या नाहीत," मी म्हणालो. "साबण लावायचा नाही, तेल लावायचं नाही. पाणी नुसतं वरून ओघळू द्यायचं. रेषा गेली की शेक गेला, एवढं ध्यानात ठेवा."

त्यांनी मान डोलावली. उघड्या दारातून आतले लाल किरण दिसत होते. ते बराच वेळ तिकडं बघत राहिले.

"ह्यो तर आमचा ओळंबाच की, सायेब," ते म्हणाले. "नुस्ती दोरी न्हाय."

"तुमच्या ओळंब्यापेक्षा पक्का," मी म्हणालो.

"असंल," ते म्हणाले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी वजन बांधलेली दोरी सोडून भिंती सरळ केल्या होत्या.

द्वारकाबाई हसल्या. त्यांना बोलायला त्रास व्हायचा तरी बोलायच्या. "लोकांच्या भिंती सरळ केल्या ह्यांनी. आमच्या सोप्याच्या भिंतीला पोट सुटलंय, तिकडं बगाय येळ न्हाय."

मला त्या बाईंची ओळख पटली ती आधी पडद्यावर. डाव्या बाजूच्या सहाव्या बरगडीला एक गाठ होती, जुनं मोडलेलं हाड वेडंवाकडं सांधल्याची. ती बरगडी मी ओळखली. अकरा वर्षांपूर्वी भवानीनगरच्या एका बांधकामावर नवऱ्याच्या हाताखाली पाट्या वाहताना ही बाई परांचीवरून खाली आली होती, आणि फोटो मी काढला होता. मी तसं सांगितलं तर त्यांना केवढा आनंद झाला.

"म्हंजी आपली वळख जुनी हाय की, दादा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आतली गाठ दिसती का रं तुला त्यात?"

"ते डॉक्टर बघतात," मी म्हणालो. खरं म्हणजे साध्या फोटोत ती दिसतच नाही. पण आतलं बघणाऱ्या माणसाला ते सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारपासून सुप्रिया तीन दिवस रजेवर गेली. फलटणला तिच्या भावाचं लग्न होतं. जाताना तिनं मला पुन्हा सगळं म्हणून दाखवायला लावलं. मी म्हणून दाखवलं. "फाट्यापासून मोजायचं, काका," ती दारातून म्हणाली. बाईमाणसांना टेबलावर घ्यायला करुणा नावाची नर्स होती, तिला रेषा जुळवणं ठाऊक होतं. डॉक्टर पुण्याहून सोमवारी आणि मंगळवारी यायचे. आठवड्यातून एकदा, सोमवारी, आतल्या आडव्या कापांचे मोठे फोटो निघायचे. इतर दिवशी साधे दोन, एक समोरून, एक बाजूनं. साधे फोटो म्हणजे माझ्या हक्काचा प्रांत.

बुधवारी द्वारकाबाईंचा फोटो पडद्यावर आला आणि मी बघतच राहिलो. जवळजवळ सरकवावाच लागला नाही. मणक्यावर मणका आपसूक बसला. एरवी पाच मिलीमीटर, सात मिलीमीटर टेबल हलवावं लागायचं, आज फक्त दोन. मला वाटलं, हात बसला. फाट्याची आठवण झाली, नाही असं नाही. पण तो काळा धूर शोधत बसायची गरज काय, हाडं तर समोर चोख बसली आहेत. त्या सहाव्या बरगडीची गाठ मात्र जुन्या फोटोतल्या गाठीच्या खाली दिसत होती. मी ती पाहिली. पाहून मनाशी म्हणालो, बरगड्या श्वासानं वरखाली होतात. ते खोटंही नाही.

मी मशीन सुरू केलं. गुरुवारी तसंच. शुक्रवारी तसंच. शुक्रवारी घरी जाताना मी पाव किलो जिलेबी घेतली. बायकोनं विचारलं, "काय निमित्त?" मी म्हणालो, "शिकलो एकदाचा."

सोमवारी सुप्रिया हातावर मेंदी घेऊन आली. द्वारकाबाईंना टेबलावर घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला आठी होती. "रेषा कोणी काढल्या नव्यानं? करुणानं?"

"तूच काढल्या असशील."

"मी नाही."

सोमवार होता म्हणून कापांचा फोटो निघाला. तो पडद्यावर उमटायला मिनिटभर लागतं. मग तिनं काही न बोलता फाटा शोधला आणि पेन मणक्यांवरून एकेक खाली आणत गेली. ओठांनी मोजत होती. मग तिनं शुक्रवारचा फोटो काढला आणि तेच केलं. मग गुरुवारचा. शेवटी बुधवारचा.

"काका, एक मणका खाली," ती म्हणाली. "तिन्ही दिवस."

एक मणका म्हणजे दोन-सव्वादोन सेंटीमीटर. माझ्या बोटाचं एक पेर. मी त्या बरगडीच्या गाठीकडं बघत होतो. ती बुधवारपासून मला ओरडून सांगत होती, आणि मी तिला श्वास म्हणालो होतो.

त्या दिवशीचा शेक सुप्रियानं टेबल सरकवून नीट जागेवर दिला. मग डॉक्टरांना बोलावलं आणि सावळारामांना आत घेतलं.

"खुणा तुम्ही बदलल्या का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय सायेब," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जरा समाधानच होतं. "वाकड्या झाल्या व्हत्या. मंगळवारी सांजच्याला हिला आंगणात उभी केली, बगतो तर मधली फुली वर आन कुशीतल्या खाली. म्हनलं, घामानं फिसकटल्या असत्याल. असली रेघ चाळीस वरसांत ठिवली न्हाय मी. मग खोबऱ्याचं त्याल लावून जुन्या पुसल्या, दोरी धरली, पाणसळ लावली आन तिन्ही येका वळीत घेतल्या. बाजारातनं पेन आनला त्यापायी. पक्क्या शाईचा."

सुप्रियानं हातातला पेन खाली ठेवला. त्यांचं समाधान हळूहळू उतरत गेलं.

चूक कुठं झाली ते सुप्रियानं नंतर त्यांना समजावलं. टेबलावर बाई उताणी निजते, दोन्ही हात डोक्यावर घेते, तेव्हा कातडी वर ओढली जाते. त्या स्थितीत फुल्या एका ओळीत असतात. उभं राहून हात खाली सोडले की कातडी उतरते आणि रेषा वाकड्या दिसतात. दिसायलाच हव्यात. उभ्या माणसाला ओळंबा लावून सरळ केलेली रेघ निजल्यावर चुकणारच. गवंड्याला भिंत उभी बघायची सवय, त्यानं बायकोही उभी बघितली.

पण ते नंतर. आधी डॉक्टर बोलले, आणि आवाज चढवून बोलले. "तुम्ही डॉक्टर आहात का? कोणी सांगितलं होतं सरळ करायला? तीन दिवस शेक भलतीकडं गेला, कळतंय का?" बाहेर बाकावर सात-आठ माणसं बसली होती, दार उघडं होतं. सावळाराम टोपी दोन्ही हातांत धरून उभे होते. मी त्यांच्या मागं उभा होतो. माझी जागा त्यांच्या शेजारी होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

ते गेल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं. "सर, रेघ चुकली तरी फोटोत धरता आलं असतं. फोटो मी बघितला. मी मणका मोजला नाही."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मीही तुम्हाला एकट्याला सोडायला नको होतं. उरलेल्या दिवसांत भर घालून हिशोब जुळवू."

"तीन दिवसांनी काय बिघडलं असेल, सर?"

"कदाचित काहीच नाही."

"आणि कदाचित?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हे त्या नवरा-बायकोजवळ बोलू नका," ते म्हणाले. "त्यांचा मशीनवरचाच विश्वास उडेल. शेक अर्धा टाकून घरी बसतील, आणि मग नक्की बिघडेल. असे तीन पेशंट मी घालवले आहेत." नोंदवहीत लिहिलं गेलं की नातेवाइकानं खुणा बदलल्यामुळं जागा चुकली. ते खोटं नव्हतं. खाली मी सही केली.

त्या दिवसापासून सावळाराम बाकावर बसेनात. दाराशी उभे राहायचे. सुप्रियानं त्यांना शिकवलं, बाईला उताणी निजवायचं, हात डोक्यावर घ्यायला लावायचे, फिकट झालेल्या रेषेवरूनच पेन न्यायचा, स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. रुग्णालयाचा एक पेनही दिला. ते दोनदा, तीनदा विचारून घ्यायचे. एवढ्या वयाच्या माणसानं एवढं मन लावून शिकावं आणि तेही रेघ ओढायला, ज्यात त्यांचा जन्म गेला होता. मी पडद्याकडं तोंड करून बसायचो.

एकदा मी चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं. सांगून टाकावं असं ठरवूनच गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "सायेब, तीन शेक वाया ग्येलं त्ये मागनं भरून निगत्यात का वं?"

"निघतात, तात्या. डॉक्टरांनी हिशोब केलाय."

"माज्या हातानं ग्येलं म्हून इचारलं." त्यांनी चहा बशीत ओतला आणि ती बशी तशीच ठेवली. "ती मला काय म्हनत न्हाय. म्हनती, रेघ सरळ केली म्हून कुनी मरतं व्हय. पर मला झोप न्हाय."

अजून पंधरा-सोळा शेक बाकी होते. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. मी म्हणालो, "चहा घ्या, गार होतोय." एवढंच बोललो आणि आत आलो. सुप्रियाला सांगितलं तर ती म्हणाली, "मला नका विचारू, काका. मला भावाच्या हळदीचे फोटोसुद्धा बघवत नाहीत."

मी मात्र मणके मोजायला लागलो. प्रत्येकाचे. गुडघ्याच्या फोटोत मणके नसतात म्हणून बरं, नाहीतर तिथंही मोजले असते. तो काळा फाटा मला आता डोळे मिटले तरी दिसतो. सुप्रिया म्हणाली, "काका, आता तुम्हाला खरंच यायला लागलं." मला बरं वाटायला हवं होतं.

सतराव्या शेकानंतर द्वारकाबाईंचं रक्त उतरलं. पांढऱ्या पेशी कमी, वजन चौतीस किलो. पाणीही घशाखाली जाईना. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि सांगितलं की थांबू, ताकद आली की उरलेले अकरा देऊ. त्या तीन दिवसांमुळं असं झालं का, मी विचारलं. ते म्हणाले, हे तसंही होतं, पुष्कळांना होतं. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले.

जाताना सावळारामांनी मला विचारलं, "रेघा ठिवायच्या न्हवं?"

"ठेवायच्या, तात्या. पुढचे शेक त्याच रेषांवर द्यायचे आहेत."

"मग जाऊ देत न्हाय," ते म्हणाले.

द्वारकाबाई चाकाच्या खुर्चीत होत्या. नळीमुळं त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या बरगडीवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघून हसल्या, जुनी ओळख म्हणून.

तीन आठवडे गेले. वैशाखातली सकाळ होती, नऊ वाजले असतील, पहिला पेशंट टेबलावर घ्यायचा होता. फोन सावळारामांचा होता.

"सायेब, निमगावातनं गवंडी बोलतोय. म्हनलं, कळवावं. आमची वाट नगा बगू." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पहाटं ग्येली ती. आकरा शेक ऱ्हायलं न्हवं आमचं. त्ये कुना गरजूला द्या."

मी हो म्हणालो.

सुप्रियाला सांगून मी मोटरसायकल काढली. इंदापूर रस्त्यानं तासाभराचं अंतर. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. आता डॉक्टरांची आडकाठी नव्हती, शेक अर्धा राहण्याची भीती नव्हती. आता तरी त्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं, निदान त्यातलं माझं मी उचलायचं. तेवढं एक काम माझ्या हातात उरलं होतं आणि ते मी नीट करणार होतो.

निमगावात घर शोधावं लागलं नाही, माणसं जमली होती. अंगणात लिंबाखाली पुरुष बसले होते. पलीकडच्या कोपऱ्यात बायकांनी दोन लुगडी धरून आडोसा केला होता, मागं चुलीवर पाणी तापत होतं. सोप्याच्या भिंतीला खरोखरच पोट सुटलेलं होतं. सावळाराम त्या भिंतीला पाठ लावून बसले होते. मला बघून उठायला लागले. मी त्यांना खाली बसवलं आणि शेजारी बसलो.

"तात्या, मला काही सांगायचंय," मी म्हणालो. "आधीच सांगायला पाहिजे होतं. त्या तीन दिवसांची चूक तुमची नाही. रेघ हलली तरी फोटो असतो. फोटो बघायला मी होतो. मला मणके मोजायचे होते, ते मी मोजले नाहीत. मला वाटलं, मला येतंय सगळं. रेघ कुठंही असती तरी मी नीट बघितलं असतं तर शेक जागेवरच पडला असता. चूक माझी आहे."

मी हे सगळं एका दमात बोललो. मान वर करायचा धीर होत नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. खरं म्हणजे मी त्यासाठीच आलो होतो.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सिमेंटनं फुटलेला, खरखरीत हात.

"तुमी लई चांगली मानसं, सायेब," ते म्हणाले. "हितवर आलासा. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हून बोलतासा, त्ये काय मला कळत न्हाय व्हय. पर रेघ मीच वढली व्हती."

"तसं नाही, तात्या. खरंच सांगतोय मी."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. माझीच समजूत घालत होते. "मशीनवरच्या मानसाला दिसलं न्हाय आसं कसं व्हईल."

मी बोललो ते सगळं त्यांनी माझ्या चांगुलपणाच्या खात्यावर टाकलं होतं. आता मी कितीही बोललो असतो तरी त्यांच्या डोळ्यांत मी आणखीच चांगला माणूस ठरलो असतो. मी त्या भिंतीला टेकून बसून राहिलो.

आडोशामागून पाण्याचा आवाज येत होता. नवऱ्याच्या आधी, अहेव गेलेली बाई, हळद लावत असतील. थोड्या वेळानं तो आवाज थांबला. लुगड्याच्या कडेवरून द्वारकाबाईंच्या धाकट्या जावेनं, सरुबाईनं डोकं काढलं.

"भावजी," ती हळू आवाजात म्हणाली, "त्या रेघा हायत्या अजून. काळ्याभोर. हळदीखालनं दिसत्यात. काय करायचं?"

सावळाराम उठले. दोन पावलं आडोशाकडं गेले आणि थांबले. मग परत माझ्याकडं आले.

"काल सांजच्यालाच वढल्या व्हत्या," ते मला म्हणाले. "निजवूनच. हात वर घिऊन. बाईंनी शिकीवलं तसंच, फिकीवरनंच पेन न्हेला. जरा बी हलीवली न्हाय." त्यांनी टोपी काढली. "सायेब, आता पुसल्या तर चालत्याल का?"

अंगणातली माणसं माझ्याकडं बघत होती. साबण नको, तेल नको, हे मीच सांगितलं होतं, ऐटीत. मी त्या रेषा एकदाही पाहिल्या नव्हत्या.

"चालतील, तात्या," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, पहिल्या दिवशी डोलावली होती तशीच. मग आडोशाकडं तोंड केलं.

"चालतंय म्हनत्यात सायेब," ते म्हणाले. "पर हळू पुसा."